कोयनेचा आलेख तपासून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत, एवढं मला करू द्या.

एका कार्यशाळेत जेवणाच्या रांगेत आपली ओळख झाली. मी सहज म्हणालो, एम.टेक.ला कोयनेच्या भूकंपाचा रिस्पॉन्स स्पेक्ट्रम, म्हणजे त्या हादऱ्यात कुठली इमारत जास्तीत जास्त किती हलेल याचा आलेख, काढतोय आणि अडलोय. तुम्ही लगेच फोन नंबर दिलात. त्यानंतर आठवडाभर, दिवसभराचं ऑफिस उरकून रात्री साडेनऊला तुम्ही माझ्यासाठी लॅपटॉप उघडून बसत होतात.

हा विषय मी का धरून बसलो होतो, ते तेव्हा सांगायचं राहिलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे बाबा सात वर्षांचे होते. पाटण तालुक्यातल्या आमच्या दगडमातीच्या घराची मागची भिंत त्यांच्यासमोर कोसळली. त्याच पहाटे कोयना धरणाच्या गॅलरीतल्या यंत्राने तो हादरा नोंदवला. धरणाच्या लांबीच्या दिशेने जमिनीचं कमाल त्वरण ०.६३ जी, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६३ पट. त्या नोंदीचा आलेख तयार सॉफ्टवेअरमधून न काढता मला स्वतः पायथनमध्ये लिहून काढायचा होता.

पहिल्याच रात्री तुम्ही व्हिडिओ कॉलवर प्लायची एक फळी दाखवलीत. तिच्यावर हॅकसॉची तीन ब्लेडं उभी केलेली, आखूड, मध्यम आणि लांब, प्रत्येकाच्या टोकाला एकेक नट. फळी सावकाश हलवलीत तर लांब ब्लेड झुलायला लागलं आणि आखूड जवळजवळ तसंच उभं राहिलं. भराभर हलवलीत तेव्हा आखूड ब्लेड थरथरलं. ‘प्रत्येक ब्लेड जास्तीत जास्त किती वाकलं ते लिहून ठेव, आडव्या अक्षावर आवर्तकाल, म्हणजे त्याच्या एका झोक्याला लागणारा वेळ, घे, झाला स्पेक्ट्रम. ब्लेडाच्या जागी इमारत समज.’ दोन वर्षं मी या विषयाची सूत्रं लिहीत होतो. ती सूत्रं कसली आहेत हे मला त्या फळीवर कळलं.

प्रोग्रॅम आधी कॅलिफोर्नियातल्या एल सेंट्रोच्या १९४० च्या भूकंपाच्या नोंदीवर चालवायला लावलात, कारण तिची उत्तरं पुस्तकात छापलेली आहेत. माझे आकडे ०.०६ सेकंदाच्या आवर्तकालाखाली भडकत होते. आलेख ०.१ पासूनच काढावा, अशी पळवाट मी सुचवली. तुम्ही ती मानली नाहीत. नोंदीतल्या दोन आकड्यांमधलं अंतर ०.०२ सेकंदाचं आणि माझी पद्धत सेंट्रल डिफरन्सची, म्हणजे वेळेचे छोटे टप्पे घेत अंदाजे उत्तर काढत जाण्याची. इतक्या कमी आवर्तकालाला ती त्या अंतराने टिकतच नाही, हे तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत. मग नवीन निगम आणि पॉल जेनिंग्ज यांची १९६९ ची पद्धत शिकवलीत. दोन नोंदींच्या मधलं त्वरण सरळ रेषेत बदलतं एवढं धरलं की तेवढ्या टप्प्यापुरतं समीकरण अचूक सुटतं. ती लिहिल्यावर ५ टक्के डॅम्पिंगचा (म्हणजे हलणं विरत जाण्याच्या प्रमाणाचा) आलेख पुस्तकातल्या आलेखावर बसला.

आणि मग कोयना. आलेख शून्याजवळ बरोबर ०.६३ ला टेकत होता. ‘आवर्तकाल शून्याकडे नेला की जमिनीचं कमाल त्वरणच मिळालं पाहिजे’ ही तपासणी तुम्हीच शिकवलेली, म्हणून मी निर्धास्त होतो. प्रबंधात पानही लावलं होतं. तुम्ही आलेखाकडे बराच वेळ पाहत राहिलात आणि एवढंच विचारलंत, ‘नोंद किती सेकंदांची आहे?’

‘वीस.’

‘फाईलमध्ये आकडे किती?’

हजाराच्या आसपास होते, ०.०१ सेकंदाच्या अंतराने. म्हणजे दहा सेकंद. एल सेंट्रोचा ०.०२ माझ्या प्रोग्रॅममध्ये तसाच राहिला होता. मी फक्त फाईलचं नाव बदललं होतं. कमाल त्वरणाला वेळेशी देणंघेणं नाही, त्यामुळे शून्याची तपासणी पास झाली. पण अख्खा आलेख आडव्या अक्षावर दुप्पट ताणला गेला होता. ०.४ सेकंदाला मी जो आकडा वाचत होतो तो खरा ०.२ चा होता. तीनमजली इमारतीच्या नावावर भलत्याच, तिच्याहून कितीतरी ताठ घराचा आकडा लागला असता, आणि मी तो माझ्या सहीने दिला असता.

तुम्ही रागावला नाहीत. ‘आता दुरुस्त कर आणि परत चालव, मी थांबते’ म्हणालात, आणि खरंच थांबलात. रात्रीचे पावणेबारा वाजले होते.

आता माझा प्रोग्रॅम काहीही मोजायच्या आधी तीन गोष्टी छापतो: आकडे किती, अंतर किती, एकूण सेकंद किती. ती ओळ तुमची आहे. वर्गातल्या चौघांनी ती माझ्याकडून घेतली.

गेल्या रविवारी बाबांना आलेख दाखवला. त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, ‘यात आपलं घर कुठं?’ मी ०.१ च्या आसपास बोट ठेवलं. ते त्या ठिकाणाकडे बघत बसले. मग म्हणाले, हे ज्यांनी तपासलं त्यांना एकदा जेवायला बोलाव. पावसाळा संपला की या, ताई. आई वाट बघतेय.

आपला कृतज्ञ,
पाटणचा एक विद्यार्थी