'अंड्यासारखे प्रथिन' म्हणजे कशात सारखे?

संपादक महोदय,

'अमुक वनस्पतीत अंड्यासारखे, मांसासारखे प्रथिन सापडले' अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. सारखे म्हणजे नेमके कशात, हे मात्र त्यांत बहुधा नसते. रेणूची घडण, तव्यावरचे वागणे की पोषण? तिन्ही गोष्टी निरनिराळ्या आहेत.

जव घ्या. अंड्याच्या पांढऱ्या भागातल्या प्रथिनांत निम्म्याहून अधिक ओव्हाल्ब्युमिन असते. ते सर्पिन नावाच्या प्रथिनकुळातले. त्याच कुळातले आणि रेणूचे वजनही जवळपास तेवढेच असलेले 'प्रोटीन झेड' जवाच्या दाण्यात असते. बिअरचा फेस टिकण्याशी त्याचा संबंध जोडला जातो. संगणकावर घडण ताडून पाहिली तर ही जोडी चटकन जुळते, पण दाण्यात ते इतके थोडे की जवाच्या पिठाचे आमलेट काही होत नाही. मुगातले मुख्य प्रथिन, ८एस ग्लोब्युलिन, ओव्हाल्ब्युमिनच्या कुळातले मुळीच नाही. तरी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास ते उलगडते आणि गोठते. अमेरिकेतले अंड्याला पर्याय असलेले बाटलीबंद 'जस्ट एग' मुगाच्या प्रथिनावरच बेतलेले आहे, आणि युरोपीय संघाने २०२२ मध्ये या प्रथिनाला नवे अन्न म्हणून मान्यता दिली.

सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतले लेगहिमोग्लोबिन आणखी वेगळे. त्याचा अमिनो आम्लांचा क्रम मांसाला लाल रंग देणाऱ्या, स्नायूंतल्या मायोग्लोबिनशी फारसा जुळत नाही, पण रेणूची घडी तीच आणि मधला लोहयुक्त हीमही तोच. गाठ फोडून आत गुलाबी दिसली की ती नत्र धरते आहे असे शेतकरी ओळखतात, तो गुलाबी रंग याचाच. नुसता क्रम जुळवत बसणाऱ्याच्या हातून हे प्रथिन निसटले असते.

प्रथिन अंड्यासारखे गोठते का, हे वनस्पतीचे नुसते पीठ तव्यावर टाकून कळत नाही. आपले बेसनाचे टोमॅटो आमलेट किंवा मुगाचे धिरडे धरते ते मुख्यतः स्टार्चमुळे. म्हणून आधी स्टार्च वेगळा करावा लागतो. १०० ग्रॅम सालविरहित मूगडाळीचे बारीक पीठ १ लिटर गार पाण्यात कालवावे, पातळ सोडियम हायड्रॉक्साइडने सामू (pH) ८.५ ते ९ ठेवून तासभर ढवळावे आणि स्टार्च तळाशी बसल्यावर वरचे द्रावण ओतून घ्यावे. त्यात पातळ आम्ल थेंबाथेंबाने घालून सामू ४.५ वर आणला की दुधासारखे फाटते. साका पाण्याने धुऊन सामू ७ करावा आणि शीतशुष्कन यंत्रात (फ्रीझ ड्रायरमध्ये) वाळवावे.

बिघडते ते ठरावीक ठिकाणी. पाणी ६० अंशांपुढे गेले तर स्टार्च फुगून खळ होते आणि काही वेगळे निघत नाही. सामू १० च्या वर गेला तर लायसिन या आवश्यक अमिनो आम्लाची नासाडी होऊन लायसिनोअ‍ॅलानिन हे नको असलेले संयुग तयार होते. आम्ल जास्त पडून सामू ३ कडे उतरला तर साका पुन्हा विरघळतो, आणि हातात काही उरत नाही. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे गरम भट्टीत वाळवणे. प्रथिन तिथेच गोठून जाते, मग चाचणीत 'या वनस्पतीत दम नाही' असा खोटा निकाल मिळतो.

चाचणी सोपी आहे. या भुकटीची ८, १०, १२, १४ टक्क्यांची द्रावणे परीक्षानळ्यांत भरून ९० अंशांवर अर्धा तास ठेवावीत, रात्रभर शीतकपाटात ठेवून सकाळी नळ्या उलट्या कराव्यात. ज्या किमान प्रमाणाला गोळा घसरत नाही, तो आकडा खरा. सगळ्या नळ्यांत मीठ आणि सामू सारखा हवा, नाहीतर तुलना व्यर्थ. जोडीला अंड्याचा पांढरा भाग ठेवावा. त्यात मुळातच १०-११ टक्के प्रथिन असते.

पोषणाचा हिशेब पुन्हा निराळा. कडधान्यांत मिथिओनिन, सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात. त्यातही ती जास्त असलेल्या, पाण्यात विरघळणाऱ्या अल्ब्युमिन प्रथिनांचा बराच भाग वरच्या प्रक्रियेत आम्लाच्या निवळीबरोबर वाहून जातो. म्हणजे छान गोठणारी ही भुकटी या बाबतीत डाळीहूनही उणी ठरू शकते. शिवाय बी-१२ मुगात नाहीच.

तेव्हा अशी बातमी देताना किमान दोन आकडे छापावेत ही विनंती: प्रथिन किती टक्क्यांना गोठले आणि किती अंशांवर.

आपले,
अन्नतंत्रज्ञान क्षेत्रातील काही वाचक