वहिनी, तुमचा पाट अजून माझ्याकडेच आहे

वहिनी,

हे पत्र असं चारचौघांत लिहितेय, कारण तोंडावर आभार मानले की तुम्ही "गप बस गो" म्हणून विषय बदलता. नातवाकडून मोबाईलवर वाचून घ्या. मध्ये तुमची थोडी थट्टा आहे, ती त्याने गाळू नये.

2021 साली निवृत्त होऊन मी कालावलच्या खाडीकाठी वडिलांच्या घरात राहायला आले. कॉलेजात असताना त्यांच्या ॲग्फा क्लिक थ्रीने याच खाडीचे फोटो काढायची मी. एका रोलवर 12 फोटो. रोल धुवायला पैसे लागत, त्यामुळे एकेका बगळ्यापुढे अर्धा अर्धा तास नुसतं बसून राहायचं. पुढे प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि कॅमेरा माळ्यावर गेला.

तिथेही फिल्म होती म्हणा. 34 वर्षं मी स्फटिकांवर क्ष-किरण सोडले. सुरुवातीला त्यांच्या खुणा फिल्मच्या पट्टीवरच उमटत. अंधाऱ्या खोलीत, हायपोच्या वासात ती पट्टी धुवायची आणि काळ्या रेघांमधली अंतरं मोजून अणू कुठे बसलेत ते गणिताने काढायचं. त्या फोटोत स्फटिक कुठेच दिसत नाही. डोळ्यांना दिसतं ते खरं धरायचं नाही, ही सवय तिथे हाडीमाशी खिळली. चांगली सवय आहे, पण खाडीवर तिचा काही उपयोग नाही. नवा डिजिटल कॅमेरा घेतला, पहिल्या महिन्यात हजारो फोटो काढले, आणि जवळजवळ सगळे उडून जाणाऱ्या पाखरांच्या शेपट्यांचे.

त्यातच तो दिवस. तिवरांच्या कडेने खंड्यामागे गेले आणि गुडघाभर चिखलात रुतले. कॅमेरा दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला, एक चप्पल आत गेलेली. तुम्ही मुळ्यांची, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांची, टोपली खाली ठेवून सावकाश आलात, आधी पोटभर हसलात आणि म्हणालात, "बाय, थंय नको. माझ्या पावलार पाऊल ठेव." चप्पल आजतागायत खाडीतच आहे.

तेव्हापासून मी तुमच्या मागून चालतेय. तुम्ही पायाच्या बोटांनी चाचपून मुळे काढता, मी थांबते. कुठला चिखल माणसाला धरतो आणि कुठे खाली वाळू आहे, हे तुम्हाला रंगावरून कळतं. मला अजून कळत नाही. पण तुम्ही खाली वाकलात की पाच मिनिटांत कुर्ल्या बिळांतून बाहेर येतात आणि मी एकटी उभी राहिले की येत नाहीत, हे मात्र मी वहीत नोंदवलंय. तुमच्या हालचालीत घाई नसते, एवढंच कारण मला सापडलं.

आणि ते भरतीचं गणित! तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ येते. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. मी घरी जाऊन ताळा केला. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास पुढे सरकते, म्हणजे तिथीला 48 मिनिटं. तुमची पाऊणपट 45 मिनिटं धरते, म्हणून पौर्णिमेला पाऊण तासाचा फरक पडतो. हे मी मोठ्या उत्साहाने सांगायला आले तेव्हा तुम्ही मुळे निवडत होतात. "तीन मिनटांत मुळे पळान जातले काय?" एवढंच म्हणालात. माझ्या कुठल्याही शोधनिबंधाच्या परीक्षकाने इतक्या थोडक्यात निकाल दिला नव्हता.

पण खरे आभार पाटाचे. निवटी, म्हणजे चिखलातला छोटा मासा, कॅमेऱ्यात टिपायची तर तिच्या डोळ्यांच्या उंचीवर यायला हवं आणि चिखलात कोपर टेकलं की ते आत जातं. तुम्ही पडवीतला जुना, एका बाजूने चिरलेला पाट आणून दिलात. मी पालथी पडून त्यावर कोपरं आणि कॅमेरा टेकले. माझं वय 61, आजूबाजूला ओल्या कपड्यांचा वास, आणि समोर दोन हात अंतरावर निवटी. मासा असून ती पाण्याबाहेर ओल्या कातडीतून श्वास घेते, डोळे सुकले की खोबणीत ओढून ओले करून घेते. वाचलं होतं हे. पाहिलं नव्हतं. चाळीस मिनिटं मी बटणाला बोट लावलं नाही. मग एका निवट्याने पाठीवरचा पर उभारला आणि उसळी मारली. सेकंदाचा दोन हजारावा भाग, एकच फोटो, आणि तो नीट आला.

तो मोठा छापून तुमच्या घरी आणला तेव्हा तुम्ही उजेडात धरून बराच वेळ पाहिलात. "डोळे बरे इले," म्हणालात. आणि मग, "पण एकट्याचा कालवण व्हवचा नाय."

परवा द्वितीया आहे. भरती दीडला, म्हणजे पाणी पावणेआठला पुरतं ओसरेल. पाट घेऊन येते. लगेच परत मागू नका.

तुमची,
शेजारची बाय