जनगणनेत गावाबरोबर वाडीचाही आकडा प्रसिद्ध व्हावा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महोदय,

देशाची सोळावी जनगणना आता होत असून तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ हा आहे. २०२१ ची गणना झालीच नाही, त्यामुळे इतकी वर्षे गावोगावचे नियोजन २०११ च्या आकड्यांवरच चालले आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यात प्राथमिक शिक्षक म्हणून नोकरी केली आणि १९९१ व २०११ अशा दोन जनगणनांत प्रगणक म्हणून घरोघर फिरलो. त्या अनुभवाच्या आधारे एक मागणी आपल्या वृत्तपत्राद्वारे मांडू इच्छितो. जनगणनेत महसुली गावाचा आकडा प्रसिद्ध होतो, त्या गावातील वाड्यांचा होत नाही. या वेळी तो वाडीनिहाय प्रसिद्ध व्हावा.

घाटावरच्या वाचकांना ही मागणी कदाचित क्षुल्लक वाटेल. तिकडे गाव म्हटले की एकमेकांना लागून असलेली घरे, मधोमध चावडी आणि सभोवती शेते असे चित्र डोळ्यांसमोर येते. आमच्याकडचे गाव असे एका जागी बसलेले नसते. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यामधल्या अरुंद पट्टीत जमीन सतत चढते आणि उतरते. माथ्यावर जांभ्या दगडाचा उघडा सडा, त्याखाली वरकस जमीन, उतारावर आंबा-काजूची कलमे, आणि तळाशी वहाळाकाठी, म्हणजे ओढ्याकाठी, भाताचे मळे. पाणी आणि थोडी सपाटी जिथे मिळाली तिथे पूर्वजांनी घरे बांधली. म्हणून एकाच नावाच्या गावात दहा-बारा वाड्या असतात आणि एका वाडीतून दुसरीत जायचे म्हणजे एक वहाळ ओलांडून दुसरा डोंगर चढायचा असतो.

आमच्या गावात अकरा वाड्या आहेत. ग्रामपंचायत, रेशन दुकान आणि डांबरी रस्ता मधल्या वाडीत आहे. तिथून आमच्या वरच्या वाडीत जायला जांभ्या दगडांच्या पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने, चाळीस मिनिटे लागतात, आणि त्याच्याही वर धनगरवाडा आहे, तिथे जायला आणखी तासभर. मधे शास्त्री नदीला मिळणारा वहाळ आडवा येतो. उन्हाळ्यात त्यात घोटाही बुडत नाही, पण आषाढात तो साकवाच्या, म्हणजे वरच्या छोट्या पुलाच्या, फळ्यांना लागून वाहतो. कागदावर ही सगळी वस्ती एकच गाव आहे, एकच सांकेतांक आहे आणि लोकसंख्येच्या रकान्यात एकच आकडा आहे.

फेब्रुवारी २०११ मध्ये मी तीच पाखाडी चढून वरच्या वाडीत गणनेला गेलो होतो. तेवीस घरांपैकी चौदांची दारे बंद होती. वाडीच्या तोंडाशी राहणाऱ्या एका वृद्ध आजींच्या पडवीत भिंतीला सात खिळे मारलेले होते आणि प्रत्येक खिळ्याला एकेका घराची किल्ली. कोणती किल्ली कोणाची हे ओळखायला त्यांनी प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली होती. पावसाआधी त्या घरांची कौले कोणीतरी चाळून घ्यावीत, संध्याकाळी देव्हाऱ्यात दिवा लागावा, म्हणून मुंबईकरांनी किल्ल्या त्यांच्या हवाली केल्या होत्या. मी कागद पसरल्यावर त्या म्हणाल्या, "गुर्जी, ही घरं गनपतीला बगायला या. आता कोन गावनार हाय?"

नियमाप्रमाणे त्या सात घरांत माझ्या नोंदीत एकही माणूस आला नाही, आणि ते योग्यच होते. माणूस गणनेच्या काळात जिथे राहतो तिथेच त्याची नोंद व्हायला हवी. मुंबईकरांना ओढूनताणून गावात मोजा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. माझे म्हणणे मागे राहिलेल्यांविषयी आहे. त्या वाडीत त्या दिवशी एकतीस माणसे होती आणि त्यांतली एकोणीस साठी उलटलेली होती. हे मी माझ्या हाताने लिहिले. पण छापील माहितीत ती एकतीस माणसे गावाच्या बेरजेत मिसळून गेली. त्या वाडीत किती माणसे आहेत आणि ती कोणत्या वयाची आहेत, हे त्यानंतर कोणत्याही अधिकाऱ्याला जनगणनेच्या पुस्तकातून कळण्याची सोय उरली नाही.

जिल्ह्याचे आकडेही हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर सांगतात. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढत असताना आमचा जिल्हा ८१,७०८ माणसांनी घटला. शेजारचा सिंधुदुर्गही ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत, ही गोष्ट काही ठिकाणी अभिमानाने सांगितली जाते. पण त्याच जिल्ह्यात सहा वर्षांखालील मुलामुलींत मुलींचे प्रमाण हजारापेक्षा कमीच आहे. मोठ्या वयात स्त्रिया जास्त दिसतात, कारण पुरुष चाकरीसाठी मुंबई-ठाण्याला आहेत आणि शेत, गुरे, सासूसासरे बाईच्या माथी आहेत. हे वाडीत राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. तसेच घनतेचे. दर चौरस किलोमीटरला १९७ माणसे ही जिल्ह्याची सरासरी खरी आहे, पण आमच्या सड्यावर मैलभर एकही घर नाही आणि वहाळाच्या काठी घराला घर लागून आहे. सरासरीत दोन्हीही दिसत नाहीत.

आकड्याचा संबंध थेट रोजच्या जगण्याशी येतो. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीवाटपासाठी लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के भार धरला होता. विखुरलेल्या, घटत्या वस्तीच्या गावाला यात काय मिळणार, हे सांगायला नको. प्रत्यक्षात नळाची वाहिनी अकरा वाड्यांपर्यंत न्यायची तर खर्च वाड्यांमधल्या अंतराचा असतो, माणसांच्या संख्येचा नसतो. पंतप्रधान ग्रामसडक योजनेने गावाऐवजी वस्ती हा घटक धरला, ही मला त्या योजनेतली सर्वांत समंजस गोष्ट वाटते. पण तिच्यातही सर्वसाधारण भागात ५०० लोकसंख्येची अट आहे, आणि डोंगरी राज्ये, आदिवासी व वाळवंटी भाग यांच्यासाठी २५० ची. आमच्या वाड्या त्या दोन्ही अटींच्या खाली राहतात. निदान त्या किती खाली आहेत आणि एकाच पाखाडीवरच्या तीन वाड्या एकत्र धरल्या तर किती भरतात, एवढे तरी सरकारी आकड्यावरून दाखवता यायला हवे.

पाण्याचे तर विशेषच आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात एप्रिल-मे महिन्यांत टँकर लागतो, यावर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसत नाही. जांभा सच्छिद्र आहे, पाणी झिरपते आणि उतारावरून निघून जाते. त्यामुळे सर्वांत आधी सड्यालगतच्या वाड्यांच्या आणि धनगरवाड्यांच्या विहिरी आटतात. टंचाईत टँकरचे पाणी माणशी २० लिटर या हिशेबाने द्यायचे असते. वाडीत माणसे किती, हा प्रश्न दर उन्हाळ्यात नव्याने उपस्थित होतो, तोंडी चौकशीवर सुटतो, आणि शिमगा उरकून थोडे दिवस मागे राहिलेली मुंबईची मुले, माहेरपणाला आलेल्या लेकी धरायच्या की नाहीत यावर वाद होतात. एका वर्षी आमच्या वाडीची संख्या कोणा संबंधिताने बसल्या जागेवरून निम्मी धरली. चार दिवस बायकांनी वहाळातल्या डबक्यातून वाटीवाटीने पाणी भरले. तक्रार करायला आमच्याकडे दाखवण्यासारखा एकही छापील आकडा नव्हता.

याहून गंभीर बाब दरडींची आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. डोंगरावरच्या त्या ठाकरवाडीला रस्ता नव्हता, यंत्रे वर जाऊ शकली नाहीत. शोधकार्य थांबले तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. ही वाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती, हे त्याच वेळी स्पष्ट झाले. त्या रात्री घरात कोण होते, आश्रमशाळेत कोण होते, कामाला बाहेर कोण गेले होते, हे वाचलेल्या माणसांना विचारत जुळवावे लागले. त्याआधी २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावाच्या एका वाडीवर असाच डोंगर आला. मी या घटनांचा उल्लेख वाद घालण्यासाठी करत नाही. पाऊस चढला की आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना खाली शाळेत आणायचे असते, त्यांतल्या दोघांना डोलीतून आणावे लागते, आणि खांदा द्यायला किती धडधाकट माणसे उपलब्ध आहेत हे आम्ही बोटांवर मोजतो. आपत्तीचा आराखडा गावासाठी असतो, दरड मात्र वाडीवर येते.

हे काम अवघड नाही, असे मी प्रगणकाच्या अनुभवावरून सांगतो. २०११ मध्येही आम्ही आधी हाताने नकाशा काढत होतो, त्यावर वाटा, विहिरी, देऊळ दाखवून घरांना क्रमांक देत होतो, आणि घरयादीत वाडीचे नाव लिहीत होतो. म्हणजे माहिती गोळा होत होती, फक्त पुढे बेरजेत ती सोडून दिली जात होती. या वेळी नोंद मोबाईलवरील अ‍ॅपमध्ये होणार आहे. तेव्हा प्रत्येक घराच्या नोंदीला वाडीचे नाव कायम जोडून ठेवणे आणि तिची बेरीज वेगळी काढणे एवढेच करायचे आहे. लहान वस्तीचे आकडे दिले तर कोणाची खासगी माहिती उघड होईल, हा आक्षेप मला रास्त वाटतो. १९४८ च्या जनगणना कायद्याने दिलेली गुप्ततेची हमी मोडता कामा नये. त्यासाठी वाडीपुरती एकूण माणसे, स्त्री-पुरुष, सहा वर्षांखालील मुले, साठीच्या पुढची माणसे, आणि उघडी व बंद घरे एवढेच द्यावे. जात, शिक्षण, व्यवसाय हे तपशील गावाच्या पातळीवरच राहू द्यावेत.

एक अडचण मात्र वेळेत दूर करायला हवी, ती नावांची. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो मला मनापासून योग्य वाटतो. पण अनेक ठिकाणी फलकावर नवे नाव, तलाठ्याच्या दप्तरात जुने आणि लोकांच्या तोंडी तिसरेच, अशी स्थिती आहे. प्रत्येक ग्रामसभेने आपल्या वाड्यांची यादी, जुन्या-नव्या नावांसह आणि मधल्या वाडीपासूनच्या पायी अंतरासह, ठराव करून तहसीलदारांकडे द्यावी. आमच्या ग्रामसभेपुढे मी हा विषय ठेवला आहे. इतर गावांतील वाचकांनीही तो ठेवावा, आणि राज्याच्या जनगणना संचालनालयाने फेब्रुवारीतील गणनेआधी याविषयी स्पष्ट सूचना काढाव्यात, अशी माझी विनंती आहे.

त्या आजी चार वर्षांपूर्वी वारल्या. किल्ल्या आता त्यांच्या सुनेकडे आहेत आणि पडवीतले खिळे सातांचे अकरा झाले आहेत. येत्या फेब्रुवारीत जो प्रगणक ती पाखाडी चढून येईल, त्याला ती प्रत्येक किल्लीचे घर दाखवील. त्याने वाडीत बसून लिहिलेले आकडे वाडीच्या नावानेच छापले जावेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी