मोंबासाहून मंदाला

मोंबासा,
14 जुलै

प्रिय मंदे,
सप्रेम सलाम.

रागावली असशील. आठ महिन्यांत माझे दोन-दोन ओळींचे निरोप, तेही ‘सगळं छान’ एवढेच. सगळं छान नव्हतं, म्हणून तर लिहायला बसत नव्हते.

मिशनरी म्हणून केनियात येताना घाम, डास, चर्चमधली तीन तासांची उपासना, ह्याची तयारी करून आले होते. जेवणाचं तर काहीच जड गेलं नाही. इथे सकाळी ‘महाम्री’ नावाच्या गोडसर फुगीर पुऱ्यांबरोबर नारळाच्या दुधात शिजवलेल्या तुरी खातात. दुकानाला ‘दुका’, चहाला ‘चाय’, कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला ‘कचुंबरी’. मला वाटलं, स्वाहिली काय, महिन्याभरात येईल. घोडं अडलं भलतीकडेच.

शेजारच्या बाई शिवणकाम करतात. एका सकाळी, तुझ्याकडे यायचे तशीच, तडक त्यांच्या घरात शिरून विचारलं, “कात्री आहे का?” कात्री मिळाली, पण बाईंचा चेहरा मिटला. मग कितीतरी दिवस बोलणं कामापुरतं. शेवटी मंडळीतल्या एका आजींनी मला बाजूला घेतलं. आधी दारातून ‘होडी?’ म्हणायचं. आतून ‘करिबू’ आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. मग रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, मुलं, तब्येत, काम. कात्री त्यानंतर. “तू दुकानातल्या मुहिंदीसारखी बोललीस,” म्हणाल्या.

लागलं गं मला. मुहिंदी म्हणजे भारतीय, शब्दात वाईट काही नाही. 2017 मध्ये सरकारने केनियातल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशाची 44वी जमात म्हणून मान्यताही दिलीय. पण गल्लीतल्या पुष्कळांना भारतीय माहीत असतो तो गल्ल्यावर बसून हुकूम सोडणारा. मी समजत होते मी सेवेला आलेय, आणि त्यांना दिसत होती मालकीण. आणि मला तर ते बोलणं आपुलकीचं वाटलं होतं! आपल्याकडे इतके उपचार परक्यांशीच करतात ना?

पोरांनी वेगळीच गंमत केली. इथे लहानांनी मोठ्यांना ‘शिकामू’ म्हणायचं, अर्थ जवळजवळ आपल्या ‘पाया पडतो’सारखा, आणि मोठ्यांनी ‘मराहबा’ म्हणायचं. मी आपली नम्रपणे उलट ‘शिकामू’ म्हणत राहिले. पाच-पाच वर्षांच्या पोरांच्या पाया पडणारी मिशनरीण! ती मुद्दाम आमच्या दारावरून फेऱ्या मारायची.

त्या बाईंचा अबोला सुटला तो एका कापडामुळे. इथल्या बायका ‘लेसो’ गुंडाळतात, त्यावर एक ओळ छापलेली असते. मी नुसता रंग बघून घेतला आणि उपासनेला गुंडाळून गेले. ओळ निघाली चुगलखोर शेजाऱ्यांना टोमणा मारणारी. बाई हसून हसून बाकावर वाकल्या.

मामंजींच्या मातीला तू गेली होतीस, ह्यांना कळलं तेव्हा फार बरं वाटलं. आम्हाला येता आलं नाही. त्या दिवशी दार लावून दोघंच बसलो होतो. संध्याकाळी ‘होडी’ आली. शेजारणी चटया घेऊन आल्या होत्या. अंगणात अंथरल्या, ‘पोले’, म्हणजे ‘वाईट वाटतंय गं’, म्हणाल्या आणि बसल्या. ठेच लागलेल्याला, ओझं वाहणाऱ्यालाही इथे ‘पोले’च म्हणतात. सांत्वनाची वचनं माझ्या जिभेवर कायम तयार असतात, तुला ठाऊक आहे. त्या रात्री कुणी एकही वचन म्हटलं नाही. दोघी-तिघी तर रात्रभर तिथेच होत्या. सकाळी आजींनी ह्यांच्या हातात गोळा केलेले पैसे ठेवले. त्यात शिवणकामाचे होते, भाजी विकण्याचे होते. हे नको-नको म्हणायला लागले, तर आजी भडकल्या. द्यायला आलो होतो आम्ही, मंदे. घेताना हात थरथरले ह्यांचे.

आता तुझ्यासाठी एक राखून ठेवलेली गोष्ट. आम्ही राहतो तिथून जवळच फ्रियरटाउन आहे. 1875 मध्ये मिशनने सुटका झालेल्या गुलामांसाठी वसवलेलं, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर ह्यांच्या नावाचं. तिथली जुनी घंटा अजून आहे. आणि तिथे शिकवायला, उपदेश करायला आलेल्यांत कोण होते माहितीये? आपल्या नाशिकच्या शरणपूरचे आफ्रिकन! गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली मुलं तेव्हा नाशिकला आणत, तिथे अक्षरं शिकवत, सुतारकाम-लोहारकाम शिकवत. 1873 मध्ये आफ्रिकेत फिरणारे मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांचं शव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत असलेला जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. आपण इतकी वर्षं शरणपूर रोडने कॉलेजला गेलो, कुणी सांगितलं होतं का आपल्याला?

आजींना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, मी त्याच नाशिकची. त्या म्हणाल्या, “मग दुकानदारिणीसारखी का वागत होतीस?”

गोडा मसाला संपत आलाय. कुणी येणार असेल तर धाड. आईकडे एक फेरी मार, तिचे गुडघे खरंच कसे आहेत ते तूच लिही, ती मला सांगत नाही.

दारात ‘होडी’ ऐकू येतेय. कात्रीवाल्या बाईच दिसतात, म्हणजे आता अर्धा तास नुसती खुशाली. पुरं करते.

तुझीच,
शालू