मोगलीला मोठं होऊ द्या : माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
माहिती व प्रसारण मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : जुनं ‘जंगल बुक’, नवं ‘जंगल बुक’ आणि दूरदर्शनकडे एक मागणी.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

कार्टूनच्या तक्रारीसाठी थेट केंद्रीय मंत्र्यांना पत्र म्हणजे जरा अतिच, असं आमच्या घरातल्यांचंही मत आहे. पण दूरदर्शन आपल्या मंत्रालयाकडे येतं, एनएफडीसी म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळही येतं, आणि ॲनिमेशनला सरकारी पैसा कुठे आणि कसा द्यायचा तेही बरंचसं आपल्याकडेच ठरतं. मोगलीची फिर्याद दुसऱ्या कुठल्या दारात न्यायची?

आधी पार्श्वभूमी. जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये ‘जंगल बुक’वर, म्हणजे लांडग्यांनी वाढवलेल्या मोगलीच्या गोष्टीवर, बावन्न भागांची मालिका काढली. १९९३ मध्ये ती हिंदीत दूरदर्शनवर आली आणि रविवारची सकाळ तिने खाऊन टाकली. गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाज यांची, शेरखान वाघाला आवाज नाना पाटेकरांचा. पुढे २०१० मध्ये हैदराबादच्या डीक्यू एंटरटेनमेंटने युरोपातल्या भागीदारांबरोबर हीच गोष्ट नव्याने केली, या वेळी संगणकावर, त्रिमितीत. मोगली तोच, बल्लू तोच, बगिरा तोच. आमच्या पिढीने पहिली पाहिली, आमची मुलं दुसरी पाहतात. मी दोन्ही पाहिल्या, बऱ्याच अंशी मुलीमुळे.

या दोन मालिकांची तुलना निघाली की माझ्या वयाची माणसं लगेच गाण्यावर येतात. गाणं ग्रेट होतं, वाद नाही. ‘चड्डी पहन के फूल खिला है’ म्हणत फुलाला चड्डी घालायचं धाडस गुलजारांनीच करावं. पण गाण्याच्या आठवणीवर मालिकेला पास करायचं नसतं. जुनी मालिका आज पुन्हा लावून बघा, चित्रं हलतात कमी आणि थांबतात जास्त. तोंड तेवढं उघडझाप करतं, बाकी देह स्तब्ध. मध्य भारतातल्या जंगलात किची नावाचा लाल पांडा बागडतो, जो खरं तर हिमालयातला प्राणी. मोगलीच्या हातात चक्क बूमरँग असतं. मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या पोराला ते कोणी आणून दिलं हा प्रश्न आम्हाला तेव्हा पडला नाही, आता पडतो. म्हणजे मूळ कथेशी इमान राखण्यात जुनी मालिकाही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. आणि नवीतलं जंगल दिसायला छान आहे. पानांवरचा उजेड, पाण्याची लय, अंगावरचे केस, सगळं मेहनतीचं आहे. भारतात बसून भारतीय कलाकारांनी ते केलं याचा मला आनंदच वाटतो.

माझी तक्रार दिसण्याबद्दल नाहीच. ती अकरा मिनिटांबद्दल आहे.

नव्या मालिकेचा एक भाग साधारण अकरा मिनिटांचा असतो. तेवढ्यात एक भानगड सुरू होते आणि तेवढ्यातच मिटते. कोणीतरी हरवतो, सापडतो. शेरखान डाव टाकतो, फसतो, शेपूट घालून निघून जातो. पुढच्या भागात सगळे पुन्हा आपापल्या जागी हजर, जणू काल काही घडलंच नाही. मोगलीचं वय वाढत नाही. त्याला कालच्या प्रसंगातलं काही आठवत नाही, कारण आठवलं तर गोष्ट पुढे न्यावी लागेल. याला कलाकार जबाबदार नाहीत. हा धंद्याचा हिशेब आहे. मालिका अनेक देशांतल्या वाहिन्यांना विकायची असते. वाहिनी ती सकाळी लावेल, दुपारी लावेल, भाग बारा आधी आणि भाग तीन नंतर लावेल. कुठलाही भाग कुठेही बसला पाहिजे, तरच माल खपतो. मग मोगलीला मोठं करणं परवडणार कोणाला?

जुन्या मालिकेत मात्र बाळ सापडतं, रांगतं, शिकतं, मार खातं, शहाणं होतं, आणि अखेर माणसांच्या वस्तीत राहायला जातं. त्याला बावन्न भाग लागतात. आठवड्याला एक. मधला रविवार चुकला की सोमवारी शाळेत कोणाला तरी गाठून काय झालं ते काढून घ्यावं लागे.

आमच्या मुलीवरून हा फरक माझ्या नीट लक्षात आला. नवी मालिका चालू असताना ती मधेच उठते, पाणी पिते, मांजराला छळून येते आणि परत बसते. काय झालं म्हणून विचारत नाही, कारण काही झालेलंच नसतं. जुनी लावली तेव्हा पहिले दोन-तीन भाग तिने कंटाळत पाहिले, खरं सांगायचं तर चित्रांना नावं ठेवत पाहिले. मग हळूहळू प्रश्न सुरू झाले. हा माणसांत गेला तर लांडग्यांना ओळखेल का? त्याची आई कोणती, ही की ती? तो परत येईल का? एका संध्याकाळी तिने टीव्ही स्वतः बंद केला आणि उद्या बघू म्हणाली. पुढे काय होईल याची धास्ती तिला वाटली होती, आणि ती तिला पुरवून पुरवून वापरायची होती. मुलांना हे जमतं. आपण मोठी माणसंच उगाच त्यांच्या वतीने घाबरतो.

शेरखानचं तर मला अगदी मनापासून वाईट वाटतं. जुन्या मालिकेत तो पडद्यावर यायच्या आधी नानांचा आवाज यायचा आणि आम्ही पाय वर घ्यायचो. नवीत त्याचं पार विदूषक करून टाकलंय. भाग संपता संपता तो कुठेतरी आपटणार, हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. परदेशातल्या मुलांना वाघ असा चालत असेल. पण मंत्रिमहोदय, हा वाघ आमच्या शेजारचा आहे. मोगलीची सिवनी मध्य प्रदेशात, आणि तिथल्या पेंचच्या जंगलाचा एक भाग आमच्या नागपूर जिल्ह्यात उतरतो. कथेतली वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या बाजूने वाहत जाते. त्या भागात मोहफुलं वेचायला किंवा सरपणाला जाणाऱ्या माणसाला वाघ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. तिथल्या मुलांना वाघाची भीतीही ठाऊक असते आणि त्याचा मानही. त्यांच्यासमोर आपण दर अकरा मिनिटांनी डबक्यात पडणारा वाघ ठेवतो आणि त्याला बालमनोरंजन म्हणतो.

मूळ पुस्तकं १८९४ आणि १८९५ ची. लिहिणारा रुडयार्ड किपलिंग मुंबईत जन्मलेला. त्याचे राजकीय विचार आपल्याला पटण्यासारखे नाहीत, तो साम्राज्याचा भाट होता आणि त्यावर बोलावं तेवढं थोडं. पण मुलांना काय सांगता येतं याची त्याला पक्की जाण होती. त्याच्या गोष्टीत मोगलीला लांडग्यांच्या कळपात घेण्यासाठी बगिरा एका बैलाची किंमत मोजतो. त्या कळपाचा म्हातारा नायक अकेला रानकुत्र्यांशी, म्हणजे आपल्याकडच्या कोळसुंद्यांशी, लढता लढता मरतो. शेरखानला मोगली घळीत म्हशींच्या कळपाखाली चिरडवतो, तेही आधी बेत आखून, कळपाचे दोन भाग करून. आणि जंगल सोडताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं तेव्हा हे काय होतंय ते त्याचं त्यालाच कळत नाही. आपण मरतोय की काय, असं त्याला वाटतं. बगिरा त्याला सांगतो, ही आसवं आहेत, माणसांची असतात. हा प्रसंग अकरा मिनिटांत बसवता येईलही कदाचित. पण बाराव्या मिनिटाला मोगली पुन्हा हसत झाडाला लटकलेला दाखवायचा असेल, तर त्या आसवांना काही अर्थ उरत नाही.

आता आपल्याकडे येण्याचं कारण. सलग पुढे जाणारी, ठरल्या वारी ठरल्या वेळी लागणारी, एखादा भाग चुकला तर चुटपूट लावणारी बालमालिका खासगी वाहिनीला परवडत नसेल, मान्य. तिथे दिवसभर तेच तेच भाग फिरवायचे असतात. दूरदर्शनला तशी सक्ती नाही. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या वाहिनीने बाजार जे करणार नाही ते करायचं, एवढ्यासाठीच तर ती आहे.

आणि आपल्या मंत्रालयाला हे जमत नाही असंही नाही. २०२३ मध्ये ‘भारत हैं हम’ ही स्वातंत्र्यसैनिकांवरची ॲनिमेशन मालिका आपल्याच केंद्रीय संचार ब्युरोने करवून घेतली, ती बारा भारतीय भाषांत आली आणि त्यात मराठीही होती. म्हणजे अनेक भाषांत एकदम मालिका काढायची यंत्रणा हाताशी आहे. (तिचेही भाग अकरा मिनिटांचेच! हा आकडा कोणी ताम्रपटावर कोरून ठेवलाय का?) एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने जुनं ‘जंगल बुक’ पुन्हा दाखवलं, म्हणजे तेही जपून ठेवलेलं आहे. मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही ॲनिमेशन वगैरे शिकवणारी संस्था उभी राहिली आहे, दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचं ‘वेव्ह्ज’ हे ओटीटी २०२४ पासून सुरू आहे. मागे वळून पाहिलं तर १९७४ मधली ‘एक अनेक और एकता’ आहे. विजया मुळे यांच्यासारख्या बाईंनी सरकारी चौकटीत राहून केलेली ती छोटीशी ॲनिमेशन फिल्म देशाला अजून तोंडपाठ आहे. सरकारी खर्चात चांगलं काम होत नाही, असं म्हणणाऱ्याला मी नेहमी तीच दाखवतो.

तर मागणी अशी. मोगली नव्याने करा, आणि या वेळी त्याला मोठं होऊ द्या. किपलिंग १९३६ मध्ये वारला. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे तो केव्हाच संपला आहे. मूळ गोष्ट वापरायला कोणाची परवानगी नको, कोणाला दमडी द्यायला नको. सव्वीस भाग करा, बावन्न करा, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत एक गोष्ट असू द्या. जंगल सिवनीचंच ठेवा. लाल पांडा नको, अस्वल, रानगवा, कोळसुंदा आपल्याकडे भरपूर आहेत. वाघाला वाघ राहू द्या. आणि तो मराठीतही बोलू द्या. आमचे नाना शेरखान झाले ते हिंदीत, २०१६ च्या परदेशी सिनेमातही पुन्हा हिंदीतच. वैनगंगेच्या काठावरचा वाघ एकदा तरी मराठीत, आणि जमलं तर पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीची थोडी लकब घेऊन गुरगुरला, तर काय बिघडेल?

सह्याद्री वाहिनीवर त्यासाठी रविवारची एक वेळ पक्की करा. मुंबई दूरदर्शनवर एकेकाळी ‘किलबिल’ लागायचं, मराठी मुलांसाठी मराठीत. त्या वाहिनीला मुलं हा प्रेक्षक असतो याची आठवण करून दिली तरी पुरे. भाग ‘वेव्ह्ज’वर टाकायचे असतील तर खुशाल टाका, पण सगळे एकदम ओतू नका. आठवड्याला एक.

प्रसार भारती १९९७ पासून स्वायत्त आहे, कार्यक्रम ठरवणं मंत्रालयाचं काम नाही, असं उत्तर येईल याचा मला अंदाज आहे. ते तत्त्व म्हणून मी मानतो, मंत्र्यांनी कार्टूनच्या पटकथेत हात घालू नये. पण निधी मंत्रालयाकडून जातो आणि त्याच्या अटी मंत्रालय घालतं. बालकार्यक्रमांसाठी पैसे देताना एवढी एक अट घाला, की काही मालिका सलग कथेच्या असतील आणि त्या प्रादेशिक वाहिन्यांवर त्या त्या भाषेत ठरल्या वेळी लागतील. याला पटकथेत ढवळाढवळ म्हणत नाहीत.

बावन्न भागांना किती खर्च येईल ते आपल्या अधिकाऱ्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळेल. तो आकडा काढून, हे होणार असेल तर कधी आणि होणार नसेल तर का, एवढं जाहीरपणे सांगावं. उत्तर मराठीत आलं तर मुलीलाही वाचून दाखवता येईल. नव्या शेरखानला दात आहेत की नाहीत, हे तिनेच विचारायला सांगितलं आहे.

आपला,
दोन्ही मोगली पाहिलेला एक पालक