चि. मुक्तास, तिच्या भरकटलेल्या रॉकेटविषयी

नाशिक,
कार्तिकी पौर्णिमा

चि. मुक्ता हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

रविवारी तू पाठवलेला व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. उड्डाणाच्या उभ्या सळईवरून सुटल्यावर जेमतेम दोन पुरुष उंची गाठून तुझे रॉकेट कलंडले, हवेतच दोन गिरक्या घेऊन आडवे पळाले आणि मक्याची कापणी झालेल्या शेतात जाऊन पडले. त्यानंतर काही क्षणांनी, जमिनीवर पडल्या पडल्या, त्याचे पॅराशूट बाहेर फेकले गेले. इंजिनच खराब निघाले असे तू फोनवर म्हणालीस. मला तसे वाटत नाही, आणि ते का, हे घाईघाईत फोनवर सांगण्यापेक्षा सविस्तर लिहावे म्हणून हे पत्र.

इंजिनाने त्याचे काम चोख केले आहे. त्या कागदी नळकांड्यात एकावर एक ठासलेले तीन थर असतात. पहिला जळून जोर देतो, दुसरा फक्त धूर सोडत वेळ काढतो आणि तिसरा भडकून समोरचा शंकू व पॅराशूट बाहेर ढकलतो. तिन्ही गोष्टी ठरल्या क्रमाने घडलेल्या व्हिडिओत स्पष्ट दिसतात. दोष आहे तो शेपटीत.

मी पंचवटीतल्या वाड्यात वाढलो, तेव्हा दिवाळीत बाटलीत उभा करून बाण उडवायचो. एका वर्षी बाण बाटलीत नीट बसेना म्हणून मी त्याची काडी अर्धी मोडली. तो बाण वर गेलाच नाही. समोरच्या ओसरीत शिरला आणि वाळत घातलेले लुगडे जळले. आजोबांनी मला रागे भरण्याआधी ती अर्धी काडी हातात दिली आणि विचारले, "ही कशाला असते?" मला उत्तर आले नाही. ते मला पुष्कळ वर्षांनी, डेन्व्हरला तुझ्याबरोबर रॉकेट बांधताना मिळाले. रॉकेट हवेत ज्या बिंदूभोवती फिरते तो त्याचा गुरुत्वमध्य, आणि वाऱ्याचा सगळा रेटा जणू ज्या एका ठिकाणी येतो तो दाबमध्य. दाबमध्य मागे असेल तर रॉकेट किंचित तिरके झाले तरी वारा शेपटीला ढकलून त्याला पुन्हा सरळ करतो. तो पुढे असेल तर तोच वारा त्याला उलटे फिरवतो. बाणाची लांब काडी हा दाबमध्य मागे नेते. तुझ्या रॉकेटला काडी नाही, म्हणून ते काम पंखांनी करायचे.

आता तू काय केलेस ते पाहा. संचातले बाल्सा या हलक्या लाकडाचे पंख मोडले म्हणून तू प्लायवूडचे कापलेस, आणि ते मजबूत आहेत या भरवशावर आकाराने लहान ठेवलेस. प्लायवूड जड, त्यामुळे गुरुत्वमध्य मागे सरकला. पंखांचे क्षेत्रफळ घटल्यामुळे दाबमध्य पुढे आला. त्यात ए आठऐवजी सी सहा इंजिन बसवलेस (या खुणांचा अर्थ पुढे सांगतो), ते काही ग्रॅमनी जास्त जड, आणि तेही अगदी बुडाशी. दोन्ही बिंदू एकमेकांजवळ आले आणि बहुधा त्यांची अदलाबदलही झाली. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे निदान नळीच्या एका व्यासाइतका असला पाहिजे, हे माप विसरू नकोस.

दुरुस्ती अवघड नाही. पंख पुन्हा बाल्साचेच कर, मोडलेल्यांपेक्षा थोडे मोठे. मात्र लाकडाचे रेषे पंखाच्या पुढच्या कडेला समांतर येतील असे काप, कारण आडव्या रेषांचा पंख जमिनीवर टेकताच तडकतो आणि तुझे मोडलेले पंख तसेच कापलेले असावेत असा माझा कयास आहे. पुढची कड पॉलिश पेपरने गोल कर, मागची निमुळती. नळी आणि पंख जिथे मिळतात त्या खोबणीत लाकडाचा पांढरा डिंक बोटाने ओढून रात्रभर वाळू दे. लहानपणी तू दर दहा मिनिटांनी वाळला का म्हणून बोट लावून बघायचीस आणि आपले दोन पंख त्यानेच वाकडे झाले होते.

मग इंजिन आणि पॅराशूट बसवून, म्हणजे उडताना असेल तसेच तयार करून, रॉकेट दोऱ्यावर तोलून गुरुत्वमध्य शोध, तिथे दोन-अडीच मीटर दोरा पक्का बांध आणि मोकळ्या जागी डोक्याभोवती गरगर फिरव. नाक पुढे ठेवून फिरले तर ते उडवण्याजोगे आहे. शेपूट पुढे आली किंवा हेलकावे खाऊ लागले, तर समोरच्या शंकूत थोडी चिकणमाती भर आणि पुन्हा फिरव.

पहिल्या उड्डाणाला ए आठ तीन हेच इंजिन वापर. अक्षर एकूण आवेग सांगते: ए म्हणजे अडीच न्यूटन-सेकंदांपर्यंत, बी पाचपर्यंत, सी दहापर्यंत, प्रत्येक वेळी मर्यादा दुप्पट. पुढचा आकडा सरासरी जोराचा, न्यूटनमध्ये, आणि शेवटचा आकडा जोर संपल्यापासून पॅराशूट उघडेपर्यंतच्या सेकंदांचा. या शेवटच्या आकड्याकडे लोक दुर्लक्ष करतात. जड रॉकेट लवकर थांबते. त्याला लांब विलंब दिला तर पॅराशूट उघडेपर्यंत ते वेगाने खाली येत असते आणि दोरी नळी चिरत जाते.

स्वतः दारू मिसळून इंजिन बनवण्याचा विचार तुझ्या वसतिगृहातल्या मित्राने बोलून दाखवला, असे तू सांगितलेस. तो कृपा करून मनातून काढून टाका. नेब्रास्कातल्या तुझ्या लिंकनपासून दोनेक तासांवर नॉरफोक नावाचे गाव आहे. तिथे १९५४ साली ऑर्व्हिल कार्लाइल या जोड्यांच्या दुकानदाराने, शोभेच्या दारूकामाचा छंद होता म्हणून, भाऊ रॉबर्टसाठी कागदी नळीचे आणि बदलता येणाऱ्या इंजिनाचे लहान रॉकेट तयार केले. १९५७ मध्ये स्पुटनिक हा रशियाचा पहिला उपग्रह गेल्यावर अनेक मुले घरी इंधने ठासू लागली आणि जखमी झाली. व्हाइट सँड्स या अमेरिकेच्या क्षेपणास्त्र-चाचणी तळावर काम केलेल्या जी. हॅरी स्टाइन यांनी कार्लाइल यांची तयार इंजिने हाच सुरक्षित मार्ग म्हणून उचलून धरला. तुझ्या हातातला हा छंद, मुलांनी बोटे गमावू नयेत म्हणून अशा रीतीने घडवलेला आहे. दारू ठासण्याचे काम कारखान्यातल्या यंत्राचे, आपले काम त्याच्या पुढचे.

मला खरी काळजी वाटली ती त्या शेतामुळे. कापलेल्या मक्याची वाळकी धाटे ठिणगीने पेटतात. मैदानावर हिरवे, कापलेले गवत असावे किंवा बर्फ पडू द्यावा. सळईखाली लोखंडी पत्रा हवाच. बटण दाबताना निदान पाच मीटर लांब राहा आणि आकडे मोठ्याने उलटे मोज. पेटले नाही तर आधी किल्ली काढ, पूर्ण एक मिनिट थांब, मगच जवळ जा. रॉकेट विजेच्या तारांवर अडकले तर ते तारांनाच देऊन टाक.

तिकडे आता थंडी पडेल. प्लास्टिकचे पॅराशूट गारठ्यात घडीतच ताठ राहते, म्हणून त्याला टाल्कम पावडर लाव आणि घडी मैदानावर, उडवण्याच्या अगदी आधी घाल. इंजिने गाडीत ठेवू नकोस. उष्णता आणि गारठा आळीपाळीने बसला की आतली दारू तडकते आणि पेटताच नळकांडे फुटू शकते. सुटीत येताना उरलेली इंजिने बॅगेत घालू नकोस, विमानात त्यांना बंदी आहे.

पुढच्या वेळी मित्राला सळईपासून बरोबर १०० मीटरवर उभा कर आणि कोनमापकाला ओळंबा बांधून, रॉकेट सर्वांत उंच असताना किती अंश भरतात ते टिपायला सांग. ५० अंश आले तर उंची सुमारे ११९ मीटर, त्यात त्याच्या डोळ्यांची उंची मिळवायची. तू फक्त कोन कळव. कोनावरून उंची काढण्याचे कोष्टक इथे टेबलावर ठेवले आहे, हिशेब मी आणि आई मिळून करू.

तुझे,
बाबा