डॉ. हेंग ली यांस, पाचव्या रकान्याबद्दल

डॉ. हेंग ली यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली-माझी ओळख नाही, आणि हे पत्र मराठीत असल्यामुळे ते आपल्या वाचनात येईल अशी आशाही मी धरलेली नाही. तरीही ते उघडपणे लिहिते आहे. गेली दहा-बारा वर्षे माझा चरितार्थ ज्या कामावर चालतो त्या कामाची रोजची हत्यारे, म्हणजे डीएनएचे वाचलेले तुकडे जागेवर बसवणारी सॉफ्टवेअर, आपण घडवलेली आहेत, आणि दसऱ्याला हत्यारांची पूजा करणाऱ्या घरात वाढलेल्या मला, ती घडवणाऱ्याचे नाव एकदा तरी आपल्या भाषेत घ्यावे असे फार दिवसांपासून वाटत होते.

मी मूळची प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी. 2013 मध्ये पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत आनुवंशिक आजारांवर काम करू लागले, तेव्हा माझ्या वाट्याला 8 जीबी मेमरीचा एक जुना संगणक आणि रुग्णांच्या डीएनएची माहिती भरलेली एक हार्ड डिस्क आली. सिक्वेन्सिंगची, म्हणजे डीएनए वाचणारी, यंत्रे जीनोम (सबंध डीएनए) पोथीसारखा सलग वाचत नाहीत; शंभर-दीडशे अक्षरांचे सुटे तुकडे, म्हणजे रीड्स, तेवढे देतात. माणसाचा जीनोम सुमारे 300 कोटी अक्षरांचा आहे आणि प्रत्येक अक्षर सरासरी 30 वेळा वाचून घ्यायचे म्हटले तर शंभर अक्षरांचे 90 कोटी तुकडे होतात. त्यांतला प्रत्येक तुकडा संदर्भ जीनोममध्ये, म्हणजे तुलनेसाठी आधीच तयार असलेल्या नमुन्यात, नेमका कुठे बसतो हे शोधल्याशिवाय पुढचे एक पाऊलही टाकता येत नाही. आधी हाती घेतलेले एक सॉफ्टवेअर मेमरी अपुरी पडून दर वेळी अर्ध्यात बंद पडत होते. आपली ‘बीडब्ल्यूए’ ही आज्ञावली मात्र त्याच संगणकावर रात्रभर चालली आणि सकाळी मी आले तेव्हा काम संपवून बसली होती.

ते कसे शक्य झाले हे मला बऱ्याच उशिरा समजले. मायकेल बरोज आणि डेव्हिड व्हीलर यांनी 1994 मध्ये मजकूर कमी जागेत बसवण्यासाठी एक युक्ती मांडली होती: मजकुराची सर्व चक्राकार रूपे वर्णक्रमाने लावायची आणि प्रत्येकाचे शेवटचे अक्षर तेवढे टिपून घ्यायचे. असा आवळलेला मजकूर पुन्हा न उलगडताही त्यात शोध घेता येतो, हे फेरागिना आणि मान्झिनी यांनी 2000 मध्ये दाखवले. हा शोध तुकड्याच्या शेवटच्या अक्षरापासून सुरू होतो आणि एकेक अक्षर मागे सरकत शक्य जागांचा पट्टा अरुंद करत जातो. 2009 मध्ये रिचर्ड डर्बिन यांच्यासह आपण ही कल्पना रीड्सच्या जुळणीसाठी वापरली आणि सबंध मानवी जीनोमची जुळणी सुमारे तीन जीबी मेमरीत बसवली. त्याच वर्षी इतरांनीही याच वाटेने जाणारी सॉफ्टवेअर दिली, हे न्यायाने सांगायलाच हवे. पण त्याच्या एकच वर्ष आधी आपण ‘मॅक’ हे जुळणीचेच सॉफ्टवेअर दिले होते, ते नावाजले जात होते, आणि आपणच त्याहून 10 ते 20 पट वेगवान पर्याय देऊन ते मागे टाकले, याचे मला जास्त अप्रूप वाटते.

त्या मॅकमधली एक गोष्ट मात्र आपण टाकून दिली नाहीत, आणि या पत्राचे खरे कारण तीच आहे. प्रत्येक तुकडा कुठे बसवला हे सांगताना, ती जागा चुकीची असण्याची शक्यता किती, हेही आपण आकड्यात लिहून ठेवायला लावलेत. आकडा 30 असेल तर हजारात एकदा चूक होण्याची शक्यता. शून्य असेल तर हा तुकडा दुसरीकडेही तितकाच चांगला बसतो, इथली जागा निव्वळ चिठ्ठी टाकून निवडली आहे. अनेक माणसांचे जीनोम वाचणाऱ्या 1000 जीनोम प्रकल्पातील सहकाऱ्यांसह आपण ठरवलेल्या ‘सॅम’ या नोंदपद्धतीत अकरा सक्तीचे रकाने आहेत, आणि हा आकडा पाचव्यात येतो.

दुसऱ्या वर्षी मी एका बालकाच्या माहितीवर काम करत होते. स्नायू क्षीण होत जाणाऱ्या एसएमए या आजाराची शंका होती. बहुतेक रुग्णांत ‘एसएमएन1’ या जनुकाचा सातवा एक्सॉन (प्रथिनाची कृती सांगणाऱ्या भागांपैकी एक) दोन्ही प्रतींतून गेलेला असतो. मी तो भाग उघडून पाहिला, तर तिथे एकही रीड नव्हता. निदान सापडले अशा आनंदात मी मार्गदर्शक मॅडमकडे धावले. (दुसऱ्याच्या मुलाच्या आजाराबद्दल आनंद वाटणे किती विचित्र आहे, हे त्या क्षणी सुचलेही नाही.) मॅडमनी चष्मा काढून एवढेच विचारले, “निरोगी नमुन्यात तिथे काय दिसतं गं?” तिथेही काहीच दिसत नव्हते.

मग पाचवा रकाना पाहिला. एसएमएन1 च्या शेजारी ‘एसएमएन2’ नावाचे जवळजवळ हुबेहूब जनुक आहे आणि सातव्या एक्सॉनमध्ये दोघांत एकाच अक्षराचा फरक आहे. त्यामुळे तिथल्या बहुतेक छोट्या रीड्सना शून्य आकडा मिळाला होता आणि कमी आकड्याचे रीड्स गाळणारी चाळणी मी स्वतःच, न वाचता, लावून ठेवली होती. बीडब्ल्यूएने तिला काय ठाऊक नाही ते ओळीओळीत लिहून दिले होते, मी ते वाचले नव्हते. पुढे जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या एमएलपीए चाचणीत त्या बालकाच्या एसएमएन1 च्या दोन्ही प्रती शाबूत निघाल्या. माझा कच्चा अहवाल त्या घरी गेला असता तर काय झाले असते, हा विचार अजूनही मला रात्री जागी ठेवतो.

आपण बीजिंगमध्ये सैद्धांतिक भौतिकशास्त्रात पीएचडी केलीत, मग इंग्लंडमधल्या केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेत आणि तिथून अमेरिकेतल्या केंब्रिजमधल्या ब्रॉड संस्थेत गेलात, एवढा आपला प्रवास मला माहीत आहे. 2011 मध्ये डर्बिन यांच्यासह आपण एकाच व्यक्तीच्या जीनोमवरून दहा लाख ते दहा हजार वर्षांपूर्वीच्या लोकसंख्येचे चढउतार काढून दाखवलेत. तो निबंध मी तीनदा वाचला, पण त्याचा माझ्या कामाशी थेट संबंध आला नाही. संबंध आला तो 2018 च्या ‘मिनिमॅप2’चा. हजारो अक्षरांचे लांब रीड्स त्याने बसवता येऊ लागले, आणि ज्या जुळ्या जनुकांनी मला फसवले होते त्यांची ताटातूट करणे पुष्कळ सोपे झाले.

ही सारी सॉफ्टवेअर आपण मूळ कोडसह विनामूल्य खुली ठेवलीत. बीडब्ल्यूएच्या ‘मेम’ या पुढच्या रूपावरचा 2013 चा निबंध तर कोणत्याही नियतकालिकात छापूनही आला नाही, तरी जगभर त्याचे दाखले दिले जातात. आमच्या प्रयोगशाळेला परवाना शुल्क भरावे लागले असते, तर खरेदीची फाइल पुढे सरकेपर्यंत माझी शिष्यवृत्ती संपली असती, हे मी गमतीने लिहीत नाही.

या जूनमध्ये आमच्याकडे एक नवी विद्यार्थिनी आली आहे. पहिल्या आठवड्यात तिला मी एकच काम दिले: एसएमएन1 चा सातवा एक्सॉन उघड आणि तिथे रीड्स का दिसत नाहीत ते सांग. काल दुपारी ती पाचवा रकाना छापलेला कागद घेऊन आली. शून्यांना तिने लाल पेनाने गोल केले होते.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली कृतज्ञ,
पुण्यातील एक संशोधक